ओसरीवरून : अव्ययाची खूण

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या नागांवच्या घरीं ओसरीवर एक वाद झाला. आमच्या घराला वाद नवा नाहीं. नारळ उतरवण्याच्या मजुरीपासून पंचांगांतल्या क्षयतिथीपर्यंत कोणताही विषय आम्हांस पुरतो. पण हा वाद ज्या विषयावर झाला त्याचें नांवसुद्धां माझ्या वडिलांनीं ऐकलें नसतें. पुण्यास संगणकाच्या आज्ञावल्या, ज्यांना ही मंडळी प्रोग्रॅम म्हणतात, त्या लिहिणारी माझी थोरली सून एका बाजूस. आणि त्याच धंद्यांत बंगळूरास असणारा माझा पुतण्या दुसऱ्या बाजूस. प्रश्न असा कीं, संगणकाला आज्ञा द्यावयाच्या भाषेंत ‘ही सामग्री एकदां मांडली ती मांडली, पुढें तींत कोणीही फेरफार करावयाचा नाहीं’ हें सांगण्यासाठीं निराळें चिन्ह, निराळी लेखनरीति असावी काय? सून म्हणे असावी. पुतण्या म्हणे, कशाला?

मी पडलों मॅट्रिक झालेला संस्कृताचा मास्तर. संगणकाशीं माझी ओळख निवृत्तीनंतरची, आणि तीही विजेचें बिल भरण्यापुरती. मी मुकाट्यानें सुपारी कातरीत बसलों होतों. परंतु ‘न बदलणारें’ हा शब्द दहा-बारा वेळां कानांवर पडल्यावर मला राहवेना. कारण जन्मभर मुलांना अव्ययें शिकवलीं तीं मीं, आणि जेथें हात लावूं नये तेथें हात लावून पस्तावलों तोही मीच. तें पस्तावणें पुढें सांगणार आहें.

आधीं वाद काय होता तें वाचकांस सांगितलें पाहिजे, आणि तें मला जसें समजलें तसें सांगतों. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एक नांव योजतो आणि त्या नांवाखालीं कांहीं सामग्री ठेवतो : एखादा आंकडा, अक्षरांची एखादी ओळ, एखादी यादी. आंकडे आणि ओळी यांच्याबद्दल फारशी तक्रार नाहीं. पायथॉन आणि जावा या दोन प्रचलित भाषांत अक्षरांची ओळ एकदां तयार झाली कीं तींतलें एक अक्षरही बदलतां येत नाहीं. बदल हवा असेल तर दुसरी नवी ओळ करावी लागते. भांडण आहे तें यादीचें. यादी ही लोणच्याच्या बरणीसारखी असते. बरणी एक, आणि एकत्र कुटुंबांत तींत हात घालणारे अनेक.

सूनबाईनें तिच्यावर गुदरलेला प्रसंग सांगितला. एका रुग्णालयासाठीं तिच्या मंडळींनीं प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळपासून येणाऱ्या रोग्यांचीं नांवें आलेल्या क्रमानें यादींत जात, आणि त्याच क्रमानें त्यांना डॉक्टरांकडे आंत सोडीत. पुढें कोणी सुचवलें कीं, काउंटरवरच्या बाईंना नांव चटकन सांपडावें म्हणून पडद्यावर तीच यादी अकारविल्हे दाखवावी. एका नव्या मुलानें एक शब्द लिहिला आणि यादी अकारविल्हे लागली. परंतु जावास्क्रिप्ट या भाषेंतली ती ‘सॉर्ट’ नांवाची जुनी आज्ञा यादीची प्रत काढून प्रत लावीत नाहीं. ती मूळ यादीच हलवते. पडद्याच्या सोयीसाठीं म्हणून जी हलवली, तीच रोग्यांची रांग होती. सकाळीं सातांना येऊन बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचें नांव ‘ह’ या अक्षरानें सुरू होत होतें, दुपारीं एक वाजेपर्यंत बांकावर बसून राहिले. मधुमेही मनुष्य, रक्त तपासावयाचें म्हणून उपाशीं आलेला. त्यांना तेथेंच घेरी आली. रुग्णालयांतच होते म्हणून निभावलें.

“आणि मामंजी,” सून म्हणाली, “त्या यादीच्या नांवामागें आम्हीं ‘कॉन्स्ट’ असें लिहिलेलें होतें. कॉन्स्ट म्हणजे अचल. त्या मुलाला वाटलें, अचल म्हणून लिहिलें आहे त्या अर्थीं माझ्या हातून कांहीं हलणारच नाहीं.”

हें ऐकून मी अडकित्ता खालीं ठेवला. अचल म्हणून लिहिलेलें हलतें कसें? तेव्हां तिनें फोड करून सांगितलें, आणि तें मला बरणीच्याच दृष्टान्तानें समजलें. जावास्क्रिप्टांत ‘कॉन्स्ट’ हा शब्द २०१५ सालीं रीतसर आला. तो एवढेंच सांगतो कीं, या फळीवर ही बरणी ठेवली आहे, तिच्या जागीं दुसरी बरणी कोणीं ठेवूं नये. बरणींतलें लोणचें कोणीं किती खावें, तींत पाणी घालावें कीं मीठ, याविषयीं तो शब्द कांहींच बोलत नाहीं. आंतलेंही जपावयाचें असेल तर ‘फ्रीझ’ नांवाची दुसरी आज्ञा आहे; ती बरणीच्या तोंडाला दादरा बांधते. पण बरणीच्या आंत आणखी एक लहान बरणी असली तर तिला दादरा नाहीं. शिवाय कांहीं प्रसंगीं दादरा बांधलेल्या बरणींत कोणीं हात घालूं पाहिला तर हात आंत जात नाहीं हें खरें, परंतु आपला हात बाहेरच राहिला हें त्या माणसाला कळतही नाहीं. तो आपला लोणचें वाढल्याच्या समजुतींत पुढें जातो.

पुतण्या हुशार आहे, आणि हुशार माणसाला दुसऱ्याची घेरी ही शिस्तीच्या अभावाचें उदाहरण म्हणून दिसते. तो म्हणाला, “वहिनी, खूण नव्हती म्हणून हें झालें नाहीं. यादीला हात लावण्यापूर्वीं प्रत काढावी, हा संकेत तुमच्या मंडळींनीं पाळला नाहीं म्हणून झालें. आणि २०२३ पासून त्याच भाषेंत प्रत काढून प्रतच लावणारी निराळी आज्ञाही आली आहे. ती वापरा. भाषेंत एकेक चिन्ह वाढवीत गेलें तर उद्यांच्या शिकणाऱ्यांनीं चिन्हेंच पाठ करीत बसावें काय?”

“भावोजी, आज्ञा आली खरी, पण जुनी गेली का? दोन्ही शेजारीं शेजारीं आहेत, आणि नव्या मुलाला जुनीच आधीं सांपडते.”

“तुम्हांला हवी ती खूणही आणूं पाहिली होती लोकांनीं. काय झालें तिचें?”

तिचें काय झालें तें मलाही ऐकावयाचें होतें. हकीकत अशी. त्या भाषेचे नियम ठरवणारी टीसी-३९ नांवाची एक समिति आहे. तिच्यापुढें एक सूचना होती कीं, यादीच्या कंसापूर्वीं जाळीसारखें हॅशचें चिन्ह लिहिलें तर ती यादी तळापर्यंत अचल समजावी. आंत लहान बरणी असली तर तीही अचलच असली पाहिजे. २०२० सालीं ही सूचना दुसऱ्या पायरीवर पोंचली, तेथें रेंगाळली, आणि एप्रिल २०२५ मध्यें मागें घेण्यांत आली. ही भाषा चालवणारीं यंत्रें जे लोक बांधतात त्यांना नव्या जातीच्या मूल्यांचा हा भार पेलण्याजोगा वाटला नाहीं.

या सूचनेंत एक गोष्ट मला फार आवडली. अशा दोन अचल याद्यांतला मजकूर सारखा असेल तर त्या दोन्ही एकच धरल्या जाणार होत्या. आजच्या साध्या याद्या तशा धरल्या जात नाहींत. मजकूर अक्षरशः तोच असला तरी यादी दुसरी ती दुसरीच. यांत खोल अर्थ आहे. पाण्याचे दोन तांबे सारखेच भरले तरी तांबे दोन, कारण उद्यां एकांतलें पाणी सांडेल आणि दुसऱ्यांतलें राहील. पण एक श्लोक दोन वह्यांत उतरला तर श्लोक दोन होत नाहींत. जें बदलूं शकतें त्याची ओळख त्याच्या जागेवरून. जें बदलूं शकत नाहीं त्याची ओळख त्याच्या मजकुरावरून. हे दोन निराळे पदार्थ आहेत आणि त्यांना एकाच कंसांत लिहावें लागतें, ही सूनबाईची खरी तक्रार. ती मला पटली. पण पुतण्याचें बोलणेंही टाकाऊ नव्हतें. म्हणून मीं दोघांना सांगितलें कीं सकाळीं माझ्याबरोबर आक्षीस चला.

आक्षी आमच्या शेजारचेंच गांव, अलिबागेहून रेवदंड्यास जातांना वाटेवर लागतें. तेथें मराठींतल्या अत्यंत जुन्या शिलालेखांपैकीं एक आहे. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळचा तो. त्यावरील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला आहे. कांहीं पंडित तो पुढचा मानतात. त्या वादांत आज शिरत नाहीं. आमच्या घरचा वाद पुरे होता. लेख दानाचा आहे. शिलाहार आणि यादव यांच्या काळीं अशा दानशिलांच्या माथ्यावर सूर्य व चंद्र कोरण्याची चाल होती, म्हणजे हें दान आचंद्रार्क, सूर्यचंद्र असेतों चालावयाचें. आणि जो कोणी तें मोडील त्याच्यासाठीं खालीं एक शिवी असे. कित्येक शिळांवर ती शब्दांत लिहून न थांबतां गाढवाच्या चित्रानें कोरलेली असते. त्या शिळांना गधेगाळ म्हणतात. चित्राचें वर्णन करणें या घरगुती मासिकांत बरें नव्हे. पाहिलें असेल त्यांना ठाऊक आहे, नसेल त्यांनीं मुलांना बरोबर न नेतां पाहावें.

“ही पाहा खूण,” सून म्हणाली. “कंसापुढचें जाळीचें चिन्ह म्हणजे दुसरें काय?”

खरेंच आहे. लेख वाचूं शकणारे त्या काळीं गांवांत किती असतील? पण सूर्य, चंद्र आणि गाढव हीं गुराख्यालाही वाचतां येतात. लेखांत काय आहे हें न कळतांही, येथें हात लावूं नये, एवढें त्याला कळतें. ती खूण दगडासाठीं नव्हती. दगड स्वतःहून थोडाच बदलणार होता? ती होती हातांत छिन्नी घेऊन येणाऱ्यासाठीं.

पुतण्या दगडाभोंवतीं एक फेरी मारून म्हणाला, “काका, पण दान राहिलें का?” आणि मला गप्प बसावें लागलें. राज्यें गेलीं, दानें बुडालीं, आणि अशा कित्येक शिळा लोकांनीं बांधांत आणि पायऱ्यांत बसवल्या. गाढवानें कोणाचा हात धरला नाहीं. जी अक्षरें राहिलीं तीं चित्राच्या धाकानें राहिलीं नाहींत, दगड कठीण म्हणून राहिलीं.

परततांना अलिबागेस गेलों, कारण पुतण्याला त्याचा पुरावा दाखवावयाचा होता. तो म्हणजे तेथली चुंबकीय वेधशाळा. वाचकांपैकीं अनेकांनीं समुद्रावर जातांना ती बाहेरून पाहिली असेल. मुंबईच्या कुलाब्यांत वेधशाळा १८२६ सालीं झाली आणि तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें १८४१ पासून नियमित होऊं लागलीं. (आमच्या जिल्ह्याचें नांवही १९८१ पर्यंत कुलाबाच होतें, घोंटाळा नको म्हणून सांगतों.) पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, त्यांच्या प्रवाहानें चुंबकाच्या सुया बिघडणार हें दिसूं लागलें, तेव्हां संचालक मूस यांच्या कारकीर्दींत हें काम अलिबागेस हलवण्यांत आलें. सुईवर परिणाम न करणाऱ्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधली. १९०४ सालीं येथें नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं बरोबरीनें घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका बिनचूक सांधतां यावी.

या नोंदींची किंमत काय, तें एका दिवसावरून कळतें. सप्टेंबर १८५९ च्या दुसऱ्या तारखेस, आदल्या दिवशींच्या सूर्यावरील स्फोटामागून, पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलें. कुलाब्याच्या नोंदींत क्षितिजाला समांतर असलेलें चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं गेलेलें दिसतें. शांत दिवशीं तें सबंध दिवसांत शंभरापर्यंतही क्वचितच हलतें. असला आंकडा पाहून कोणाही व्यवस्थित माणसाच्या मनांत तो ‘दुरुस्त’ करण्याचें यावें. तो तसाच राहिला. २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं, आणि त्यांत आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचेही होते, १४४ वर्षांपूर्वींच्या त्याच नोंदींवरून त्या वादळाची ताकद मोजली.

“येथें गाढव कोठें आहे?” पुतण्यानें विचारलें. “सूर्यचंद्र कोठें आहेत? साधी वही, साधी शाई. निरीक्षणाला हात लावावयाचा नाहीं हा संकेत, आणि तो पाळणारीं माणसें. बस्स.”

हा पुरावा भक्कम होता, आणि वाद येथें संपलाही असता. परंतु मी स्वतः त्या पुराव्याच्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार आहें. घरीं आल्यावर, चहा झाल्यावर, आजवर घरांत पुरतें कोणालाच न सांगितलेलें मीं त्यांना सांगितलें.

१९८५ सालची गोष्ट. मी एका शाळेंत नवाच लागलों होतों. अक्षर चांगलें म्हणून जनरल रजिस्टर लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. आमच्या किनाऱ्यावर तेव्हां पुष्कळ आईबापांना मुलाच्या जन्माची तारीख ठाऊक नसे. ‘नारळीपुनवेच्या आगेंमागें’, ‘थोरल्या वादळाच्या सालीं’, असें कांहीं सांगत, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. आपल्याकडे १ जूनला जन्मलेलीं माणसें इतकीं कां, याचें कारण पुष्कळ अंशीं आम्ही मास्तरच. एका कोळ्याच्या मुलाची तारीख मीं अशीच १ जून १९७८ लिहिली. चार महिन्यांनीं त्याचा बाप ग्रामपंचायतींतला जन्माचा दाखला घेऊन आला. खरी तारीख त्याच वर्षाची १९ नोव्हेंबर निघाली. मीं दाढीच्या पात्यानें जुनी शाई अलगद खरवडली, जागा नखानें घोटून गुळगुळीत केली, आणि खरी तारीख इतकी सुबक लिहिली कीं मुख्याध्यापकांनीं पाठ थोपटली. बाजूला सही नाहीं, दिनांक नाहीं, दाखल्याचा क्रमांक नाहीं. पानावर खाडाखोड दिसूं नये यांतच मला भूषण वाटलें. नोंद बदलूं नये, बदलल्यास लाल शाईनें रेघ मारून सही करावी, हा संकेत मला ठाऊक नव्हता असें नाहीं. चांगला ठाऊक होता. पण तें पान कांहीं मला तसें सांगत नव्हतें. आणि मी तर खोटें खोडून खरेंच लिहीत होतों.

बावीस वर्षांनीं तो मुलगा एका कचेरींत नोकरीस लागण्याच्या बेतांत होता. वयाची मर्यादा जवळ आलेली. कागद तपासणाऱ्या गृहस्थांनीं रजिस्टराचें पान उजेडासमोर धरलें, आणि सबंध पानांत तेवढ्याच एका जागीं कागद पातळ दिसला. वय कमी दाखवण्यासाठीं तारीख बदलली, असा संशय आला. आणि कोणालाही आलाच असता. ग्रामपंचायतीचें जन्माचें पुस्तक तोंवर पावसांत भिजून गेलेलें. बापाजवळचा दाखला बाप वारल्यावर कोठें गेला पत्ता नाहीं. मी तीन वेळां साक्षीला गेलों. “तारीख खरी आहे, मीच लिहिली आहे,” असें सांगितलें. समोरचे गृहस्थ शांतपणें म्हणाले, “गुरुजी, तारीख खरी असेल. पण आधीं काय होतें तें तुम्हीं नाहींसें केलेंत.” चौदा महिने त्याची नेमणूक अडकली. शेवटीं जागा मिळाली, पण बरोबरीचे सगळे पुढें निघून गेले. बाजारांत भेटला कीं अजून तो वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला सोसवत नाहीं.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतण्याच म्हणाला, “काका, म्हणजे संकेत ठाऊक असूनही चालत नाहीं.”

वेधशाळेंत चालला. तेथें हात थोडे होते, काम एकच होतें, आणि शिष्यानें गुरूजवळ बसून तें शिकावयाचें होतें. शाळेच्या रजिस्टराला, सूनबाईच्या यादीला, किंवा आमच्या घरच्या बरणीला तसें नसतें. तेथें रोज नवा हात येतो. अशा ठिकाणीं संकेत हा नुसता मोठ्या माणसांच्या डोक्यांत असून भागत नाहीं, तो वस्तूवर दिसावा लागतो. मात्र तो कशावर दिसावा, येथें माझें सूनबाईशींही पुरतें जमत नाहीं.

गांवच्या दप्तरांत यासंबंधीं मोठें शहाणपण आहे. सातबारा सर्वांच्या परिचयाचा. तो आजची स्थिति सांगतो, म्हणून तो बदलतो. पण त्याच्या पाठीशीं गांवनमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही असते : कोणत्या दिवशीं, कोणत्या कारणानें, कोणाचें नांव गेलें आणि कोणाचें लागलें. तींत एकापुढें एक नोंदी वाढत जातात. मागली पुसून पुढली लिहीत नाहींत. हातानें लिहिलेल्या सातबाऱ्यांवरही ज्याचा हक्क संपला त्याचें नांव खरवडीत नसत. त्याला कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक लिहीत. आमच्या वाडीच्या उताऱ्यावर माझ्या आजोबांचें नांव असें कंसांत सुखरूप आहे. मौज ही कीं, या फेरफाराला सरकारी इंग्रजींत ‘म्यूटेशन’ म्हणतात, आणि सूनबाईच्या यादीवर जो अपघात झाला त्यालाही तिच्या धंद्यांत हाच शब्द आहे.

“म्हणजे आमचीं भांडणें तलाठ्याच्या दप्तरांत आधींच होऊन गेलीं आहेत,” ती हंसून म्हणाली.

पाणिनीच्या दप्तरांत त्याहूनही आधीं. संस्कृतांत अव्यय ओळखावयाचें कसें? त्याच्या अंगावर ‘मी अव्यय’ अशी कांहीं एकच खूण नसते. कांहीं अव्ययें गणपाठांत यादी देऊन सांगितलीं आहेत; कांहीं विशिष्ट प्रत्यय अंतीं आल्यानें अव्यय ठरतात, जसे ‘करून’ किंवा ‘करण्यासाठीं’ या अर्थाचे शब्द. आणि गंमत अशी कीं, शास्त्राप्रमाणें विभक्तीचा प्रत्यय अव्ययालाही लागतोच, पण लागतांच त्याचा लोप होतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसतें? जो शब्द बदलतो, तोच आपल्या बदलाची खूण, आपला प्रत्यय, अंगावर वागवतो. जो बदलत नाहीं तो उघडा, साधा उभा असतो. लिहिणाऱ्याला कष्ट पडतात ते बदलाचे. न बदलण्याबद्दल त्याला एक अक्षरही जास्त लिहावें लागत नाहीं.

हें मीं सांगितलें तेव्हां दोघेंही एकदम म्हणालीं, “रस्ट!” मला वाटलें गंजाबद्दल कांहीं आहे. परंतु रस्ट नांवाची एक भाषा आहे, तिची पहिली पक्की आवृत्ति २०१५ ची. तींत कोणतेंही नांव मुळांत अचलच असतें, आणि यादी असेल तर तिच्या आंतलाही मजकूर त्या नांवाखालीं हलवतां येत नाहीं. हलवावयाचा असेल तर नांवापूर्वीं ‘म्यूट’ असा शब्द लिहावा लागतो. म्हणजे दादरा सगळ्याच बरण्यांना. जिचा दादरा सोडावयाचा तिच्यावर चिठी. पुतण्यानें आणखी एक भाषा सांगितली, क्लोजर, रिच हिकी यांनीं २००७ सालीं पुढें आणलेली. तिच्या याद्या साध्याच कंसांत लिहितात, पण सगळ्या अचल. लाख नांवांच्या यादींत एक नांव बदललें तर लाखांची प्रत काढावी लागत नाहीं. नांवें बत्तीस-बत्तीसांच्या गटांनीं एका वृक्षावर टांगलेलीं असतात, त्यामुळें मुळापासून त्या पानापर्यंतचे चार लहान गट नवे करावयाचे आणि उरलेल्या फांद्या जुन्या व नव्या दोन्ही याद्यांनीं वांटून घ्यावयाच्या. घर वाटलें तरी विहीर सामाईक राहते, तशांतला प्रकार. जुनी यादी जशीच्या तशी राहते.

तेव्हां माझें मत असें पडलें. ज्यांना नवी भाषा रचावयाची आहे त्यांनीं अचल सामग्रीसाठीं निराळें चिन्ह शोधीत बसूं नये. अचल तें साधें लिहावें आणि चिन्ह फेरफाराला द्यावें. परंतु ज्या भाषेंत आधींच सगळ्यांचे हात सगळ्या बरण्यांत आहेत, तेथें आतां नियम उलटा करतां येणार नाहीं. लोकांनीं लिहून ठेवलेलें सगळें मोडेल. अशा भाषेंत सूनबाईची मागणी रास्त आहे, आणि समितीनें ती सूचना मागें घेतली याची मला हळहळ वाटते. यंत्र बांधणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या असतील. पण त्या बांकावर उपाशीं बसलेल्या गृहस्थांचा खर्च त्यांच्या हिशेबांत कोणत्या सदरीं पडला तें मला दिसलें नाहीं. आणि अर्धी खूण तर मुळींच नको. ‘कॉन्स्ट’ हा शब्द तेथें नसता तर त्या मुलानें निदान भीत भीत हात घातला असता. माझ्या रजिस्टराचें पानही असेंच गुळगुळीत, निर्दोष दिसत होतें.

पुतण्यास हें सगळें मान्य नाहीं. त्याचें म्हणणें, खुणा वाढल्या कीं माणसें खुणा वाचणें सोडतात. रस्त्यावर ‘सावकाश हांका’च्या पाट्या इतक्या आहेत कीं त्या कोणालाच दिसत नाहींत. याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि रेवदंड्याचा रस्ता ज्यानें पाहिला आहे त्याच्याजवळही नसेल. तो रविवारीं पहांटेच्या गाडीनें गेला. जातांना मला विचारून घेऊन गेला कीं, गणपाठ संगणकावर कोठें वाचावयास मिळेल काय.

सूनबाई सोमवारीं निघाली. सासूनें तिला आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली, दादरा घट्ट बांधून, वर सुतळीच्या दोन गांठी. मीं विचारलें, “काय, ही अचल धरावयाची कीं चल?”

“मामंजी,” ती पिशवी उचलतांना म्हणाली, “वडखळपर्यंत टिकली तरी पुष्कळ. मुलें मागच्या बांकावर बसणार आहेत.”